निजलेली गाय

कोणाला पोस्टाची तिकिटे जमविण्याचा नाद असतो, कोणाला जुनी नाणी जमविण्याचा. मला एके काळी इंग्रजी विशेषणे जमविण्याचा होता. तिकिटे जमविणारा गृहस्थ आपला संग्रह कपाटात ठेवतो आणि आल्यागेल्याला उघडून दाखवितो. त्याचा उपद्रव झालाच तर एखाद्या पाहुण्याला जांभई येण्यापलीकडे होत नाही. विशेषणांचे तसे नाही. ती कोणाला तरी लावल्यावाचून जमविणाऱ्याला चैन पडत नाही, आणि ज्याला ती लागतात तो बहुधा आपल्याच घरचा किंवा गावचा मनुष्य असतो. माझ्या हातून एक विशेषण असे एका सज्जनाच्या नावाला लागले की, ते पुढे बावीस वर्षे त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर काचेखाली राहिले. त्याचीच ही हकीकत आहे.

माझे आजोळ तळकोकणातले. आजोबा तालुक्याच्या कोर्टात वकिली करीत. ते गेल्यानंतर माडीवरचे त्यांचे पुस्तकांचे कपाट कोणी फारसे उघडीत नसे, आणि आतल्या कायद्याच्या ग्रंथांवर कसर निर्वेधपणे आपला अंमल चालवीत होती. १९६५ सालच्या मे महिन्यात, आंबे खाऊन खाऊन अंगावर उष्णता उठली म्हणून आजीने मला उन्हात जाण्याची बंदी केली होती. अशा एका दुपारी करमेना म्हणून मी ते कपाट उघडले. स्कीट नावाच्या केंब्रिजच्या पंडिताने १८७९ ते १८८२ या काळात इंग्रजी भाषेचा एक व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला. त्याची लहान आवृत्ती माझ्या हाती लागली. कोश म्हणजे अडलेल्याने उघडावयाचे पुस्तक, अशी तोवर माझी समजूत होती. तो कादंबरीसारखा पडल्या पडल्या वाचता येतो, हा शोध मला त्या सुटीत लागला.

पहिल्याच दिवशी मला 'टॉड्री' हे विशेषण भेटले. दिसण्यात भपकेदार पण मुळात हिणकस, असा त्याचा अर्थ. आपला 'बेगडी' हा शब्द त्याच्या अगदी शेजारी बसेल. परंतु त्याच्या पोटातली कथा मात्र बेगडी नाही. सातव्या शतकात इंग्लंडात एथेल्थ्रिथ नावाची एक राजकन्या होऊन गेली. लोकांच्या जिभेवर तिचे नाव पुढे ऑड्री असे झाले. संसार सोडून ती जोगीण झाली आणि एली या गावी तिने मठ स्थापिला. ६७९ साली ती वारली. शेवटच्या दुखण्यात तिच्या गळ्याला मोठी गाठ आली होती. लहानपणी मी गळ्यात नाना तऱ्हेचे हार मिरविले त्याचेच हे प्रायश्चित्त, असे ती म्हणे, अशी नोंद बीड नावाच्या जुन्या इतिहासकाराने करून ठेवली आहे. पुढे तिच्या नावाने एलीला जत्रा भरू लागली, आणि दैवाचा खेळ असा की, त्या जत्रेत गळ्यात बांधावयाच्या रेशमी फितीच विक्रीस येऊ लागल्या. 'सेंट ऑड्री' हे शब्द भरभर उच्चारताना 'सेंट'मधला शेवटचा ट पुढच्या नावाला जडला. फितींचा कस उतरत गेला. आणि ज्या बाईने दागिन्यांचा जन्मभर पश्चात्ताप केला तिच्याच नावाचे विशेषण भाषेने हलक्या दागिन्यांना बहाल केले. चौदा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट एखाद्या अद्भुत कादंबरीहून कमी वाटली नाही. एका विशेषणात एवढे, तर हजार विशेषणांत केवढे!

मग मी सपाटाच लावला. 'सुपरसिलियस' म्हणजे तुच्छतेने वागणारा. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली भुवई आहे. आपल्याकडे तुच्छता नाकाने व्यक्त होते, आपण नाक मुरडतो. रोमन माणसाने ते काम भुवईकडे सोपविलेले दिसते. 'मॉडलिन' म्हणजे रडवा, भावविवश. चित्रकारांनी नेहमी रडतानाच रंगविलेल्या मेरी मग्दालेनच्या नावाचा तो अपभ्रंश. 'जोव्हिअल' मनुष्य गुरूच्या प्रभावाखाली जन्मलेला म्हणून आनंदी, 'सॅटर्नाइन' शनीच्या प्रभावाखालचा म्हणून उदास. साडेसातीच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती. 'कॉलरिक' म्हणजे रागीट, कारण ग्रीक वैद्यांच्या मते त्याच्या अंगात पित्त अधिक; आणि आमच्याकडेही काकांचे पित्त खवळले म्हणजे सारे घर चिडीचूप होत असेच. 'जेजून' या विशेषणाची मला विशेष गंमत वाटली. नीरस, पोकळ, सत्त्वहीन, असा त्याचा अर्थ. आणि मुळात तो लॅटिनमधला उपाशी मनुष्य. शवाची चिरफाड करणाऱ्या जुन्या वैद्यांना लहान आतड्याचा जो मधला भाग नेहमी रिकामा आढळे, त्याचेही नाव ह्याच शब्दावरून पडले आहे. आता उपास म्हणजे नीरसपणा हे समीकरण ज्याने मांडले त्याने आमच्या आजीच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नव्हती हे उघड आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणणाऱ्या भाषेत 'जेजून'ला प्रतिशब्द मिळणे अवघडच.

मी एक वही केली. तीत तीन रकाने आखले. पहिल्यात शब्द व त्याचा अर्थ, दुसऱ्यात मूळ, आणि तिसऱ्यात 'कोणास लागू'. या तिसऱ्या रकान्यात आमचे बहुतेक नातेवाईक हळूहळू दाखल झाले. दुसरा रकाना पानोपानी रुंदावत गेला, आणि पहिल्यातली अर्थाची जागा आकसत आकसत एका शब्दावर, कधी नुसत्या बरोबरच्या खुणेवर आली. मूळ कळले म्हणजे अर्थ कळलाच, अशी माझी पक्की खात्री होऊन बसली होती. एकदा जेवताना मी थोरल्या मावशीला, तिचा स्वभाव ग्रीक वैद्यकाप्रमाणे कोणत्या प्रकारात मोडतो, हे ऐकविले. तिने कढीचे पातेले खाली ठेवले आणि म्हणाली, "दीडशहाणा आहेस झालं!" मला राग यावयास हवा होता, पण मी हात न धुताच माडीवर धावलो. कारण 'सेस्क्विपिडेलियन' हे विशेषण मी आदल्याच दिवशी टिपून घेतले होते. होरेस या रोमन कवीने लांबलचक शब्दांना दीड पावलाचे शब्द म्हटले, त्यावरून ते आले आहे. रोमचा कवी आणि आमची मावशी या दोघांनाही फाजीलपणा मोजताना दीड हेच माप सुचावे, याचा मला झालेला आनंद मावशीला काही केल्या समजावून देता आला नाही.

१९६७ साली मी अकरावीत असताना आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. त्यांचे नाव मी येथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. ते वरच्या वर्गांना इंग्रजी आणि संस्कृत शिकवीत. छडी त्यांनी कधी हातात धरल्याचे मला स्मरत नाही. पावसाळ्यात खाडीपलीकडची मुले होडीने येत. त्यांची होडी धक्क्याला लागेपर्यंत ते पहिली घंटा देऊ देत नसत, आणि त्यासाठी वरिष्ठांची बोलणी खात. त्यांच्या निरोपसमारंभात गावातर्फे मराठी मानपत्र होतेच. पण सर इंग्रजी शिकवितात तेव्हा विद्यार्थ्यांनी एक इंग्रजीही द्यावे असे ठरले, आणि ते लिहिण्याचे काम, माझी कीर्ती पसरलेली असल्यामुळे, माझ्याकडे आले.

मी वही उघडली. एवढ्या मोठ्या माणसाला 'गुड' किंवा 'ग्रेट' असली रोजच्या वापराने झिजलेली विशेषणे लावणे मला प्रशस्त वाटेना. पाने चाळता चाळता 'इग्रीजियस' हा शब्द सापडला. लॅटिनमध्ये 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्या कळपातून निवडून वेगळा काढलेला तो इग्रीजियस. समाज, समुदाय, विभक्त करणे या अर्थांचे कितीतरी इंग्रजी शब्द याच कळपातले आहेत. कळपातून उठून दिसणारा शिक्षक! याहून सुंदर विशेषण कोणते मिळणार? अर्थाच्या जागी माझी ती बरोबरची खूण होती. मी पहिल्याच वाक्यात 'अॅन इग्रीजियस टीचर' असे लिहून टाकले. ज्या शिक्षकांनी मसुदा डोळ्यांखालून घातला त्यांनी दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. शब्द अनोळखी दिसला, तो त्यांनी आदराने तसाच राहू दिला. वर्गणी काढून मानपत्र छापून आणले, तसबीर करविली, आणि समारंभात मी ते खणखणीत आवाजात वाचले.

पहिल्या वाक्याला जिल्ह्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी खिशातून हातरुमाल काढून तोंडावर धरला. ते शेजारच्या गृहस्थांच्या कानात काहीतरी पुटपुटले, आणि ते काहीतरी पहिल्या रांगेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले मी व्यासपीठावरून पाहिले. सर मात्र मान किंचित खाली घालून ऐकत होते. संध्याकाळी, मुंबईस कॉलेजात शिकणाऱ्या एका शेजाऱ्याने साधा इंग्रजी कोश आणून माझ्यापुढे उघडून ठेवला. 'इग्रीजियस' म्हणजे कमालीचा वाईट. ज्याचा वाईटपणा लपूनही लपत नाही असा. घोडचूक असेल तर तिला लावावयाचे हे विशेषण. गावभर पोरांनी त्याचे मराठी भाषांतरही तोवर करून टाकले होते. ते येथे लिहीत नाही.

त्या रात्री मी जेवलो नाही. सबंध शाळेत ज्या एका माणसाविषयी मला मनापासून काही म्हणावयाचे होते त्याच्याविषयी, सगळ्यांच्या देखत, मी नेमके उलटे म्हणून बसलो होतो, आणि तेही छापून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बोलावणे पाठविले. मी गेलो तो काकूंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली. सर काही बोलेनात, मीही बोलेना. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी विचारले, "शब्द कोठून काढलास?"

मी कळपाची हकीकत सांगितली. ती ऐकताना त्यांचा चेहरा, एखाद्या मुलाने गणित बरोबर सोडविल्यावर होई, तसा झाला.

"म्हणजे व्युत्पत्ती बरोबर आहे. मग लोक हसले का?"

"अर्थ चुकला, सर."

"महाभाग या शब्दाचा अर्थ काय रे?"

"मोठ्या भाग्याचा, थोर मनुष्य."

"संस्कृतात तसाच आहे. ऋषींना आणि राजांना तो आदराने लावीत. आता बाजारात कोणी म्हणाले, 'हे महाभाग आले पाहा,' तर तो आदर म्हणावयाचा का? थोरपणाचे शब्द लोक थट्टेने वापरू लागतात, आणि थट्टा फार दिवस चालली म्हणजे तोच अर्थ होऊन बसतो. तुझ्या त्या शब्दाचे तसेच झाले असेल. काल तू मला महाभाग म्हणालास, एवढेच."

मग त्यांनी फळीवरून साहित्यदर्पण काढले. मम्मटाने अकराव्या शतकात काव्यप्रकाशात कुशल या शब्दाचा विचार केला आहे. कुश म्हणजे दर्भ. त्याची पाती धारेची असतात. हात न कापता दर्भ खुडून आणील तो कुशल, ही झाली व्युत्पत्ती. मग एखाद्या कामात निपुण असलेल्या माणसाला आपण कुशल म्हणतो तेव्हा तो शब्दाचा लाक्षणिक अर्थ समजावा, असे मम्मटाचे म्हणणे. चौदाव्या शतकात विश्वनाथाला हे पटले नाही. निपुण हाच त्या शब्दाचा मुख्य अर्थ आहे, असे तो म्हणतो; शब्द कशावरून बनला ही एक गोष्ट, आणि तो कशासाठी वापरला जातो ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीला व्युत्पत्तिनिमित्त म्हणावे, दुसरीला प्रवृत्तिनिमित्त. आणि हे न मानाल तर काय होईल याचे त्याने दिलेले उदाहरण सरांनी मला हसत हसत सांगितले. गो हा शब्द गम्, म्हणजे जाणे, या धातूपासून आला. तेव्हा जी चालते ती गाय. मग निजलेल्या गाईला गाय म्हणावयाचे की नाही?

मला हसू आले, आणि त्याबरोबरच कालपासून आवरून धरलेले रडूही आले. मानपत्र परत द्या, मी दुसरे छापून आणतो, असे मी म्हणालो. "वर्गणी पुन्हा कोण देणार?" सर म्हणाले, आणि उठून त्यांनी ती तसबीर खिळ्याला अडकविली.

त्यानंतर मी वही पुष्कळ दिवस उघडली नाही. पुढे उघडली ती निराळ्या नजरेने. 'नाइस' हे इंग्रजीतले सर्वांत गोडगुळचट विशेषण लॅटिनमधल्या 'अजाण' या शब्दाचे वंशज आहे, आणि 'सिली' म्हणजे मूर्ख हा जुन्या इंग्रजीत 'धन्य' होता. एकाची बढती झाली, दुसऱ्याची पदावनती. आपल्याकडे राग या शब्दाने संस्कृतात प्रेम केले आणि मराठीत येऊन तो डोळे वटारू लागला. शिक्षा तिकडे विद्या देत होती, इकडे छडी मारू लागली. जे विद्वान वर्तमानपत्रांना पत्रे लिहून, अमुक शब्दाचा मुळातला अर्थ तमुक आहे, सबब सर्व जग तो चुकीचा वापरते, असे कळवितात, त्यांना मी मनातल्या मनात निजलेल्या गाईपुढे उभे करतो. मात्र व्युत्पत्ती निरुपयोगी आहे असेही मला म्हणता येत नाही. 'सुपरसिलियस' हा शब्द आजही कोठे आला की मला एक चढविलेली भुवई दिसते, आणि ती न दिसणाऱ्याला तो शब्द माझ्याइतका ऐकू येत असेल, असे मला वाटत नाही. खुद्द विशेषण या शब्दाचेच पाहा ना. इंग्रजीतला 'अॅड्जेक्टिव्ह' म्हणजे मुळात जवळ फेकलेले, जोडीला टाकलेले. आपले विशेषण म्हणजे इतरांपासून वेगळे करून दाखविणारे. सतराव्या वर्षी मी सरांना वेगळे करून दाखवावयास गेलो, आणि हातून घडली ती नुसती फेक.

पुढे मी इंग्रजीचाच शिक्षक झालो. ऑक्सफर्डचा मोठा कोश, १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ साली पुरा झालेला, प्रथम हाताशी आला तेव्हा मी दुसरा कोणताही शब्द पाहिला नाही. सोळाव्या शतकात 'इग्रीजियस'चे चांगले आणि वाईट असे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदत होते. मग चांगला अर्थ हळूहळू म्हातारा होऊन गेला. सरांचा तर्क बराचसा बरोबर होता. सुटीत गावी गेलो म्हणजे मी त्यांच्याकडे जाई. पण बसताना त्या भिंतीकडे पाठ करून बसे. इंग्रजी जाणणारा एखादा पाहुणा तसबीर वाचून चपापे. सर खुलासा म्हणून करीत नसत. 'विद्यार्थ्यांनी दिले,' एवढेच सांगत. मला मात्र ते चपापणे दर वेळी नव्याने लागे. एवढी वर्षे लोटली तरी, माझी चूक त्यांच्या नावावर राहिली आहे, हे काही केल्या मनातून जात नसे. त्यांची पोस्टकार्डे नियमाने येत, आणि खाली सही असे: 'तुझा महाभाग'.

१९८४ साली मला एके ठिकाणी वाचावयास मिळाले की, इटालियन लोक औपचारिक पत्राच्या मायन्यात आणि पाकिटावर नावाआधी 'एग्रेजिओ' असे आदराने लिहितात. तोच शब्द, एका भाषेत शिवी होऊन बसलेला, दुसरीत जसाच्या तसा मान राखून असलेला. मी त्याच दिवशी सरांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तरादाखल कार्डावर एकच ओळ होती: मानपत्र इटलीत छापून घ्यावयास हवे होते.

१९८९ साली ते गेले. मी पोहोचलो तेव्हा सर्व आटोपले होते. तेराव्याच्या दिवशी त्यांच्या मुलाने जुन्या धोतरात गुंडाळलेली तसबीर माझ्या हाती दिली. "दादांनी तुम्हाला द्यायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "बाकीची मानपत्रं शाळेला द्यायची, आणि हे तेवढं तुम्हाला."

ती आता माझ्या अभ्यासिकेत आहे. कागद पिवळा पडला आहे, एका कोपऱ्यातून वाळवीची रेघ आत शिरली होती ती वेळीच थांबविली. गेल्या दिवाळीत माझी नात काही पुस्तक शोधावयास तेथे गेली आणि जरा वेळाने मोठ्याने हसत बाहेर आली.

"आजोबा, हे कोणी लिहिलंय? बिचाऱ्या सरांना सगळ्यांदेखत चक्क भयंकर वाईट शिक्षक म्हटलंय!"

"मी लिहिलंय," मी म्हणालो. तिचे हसणे थांबले. मी तिला जवळच्या खुर्चीवर बसावयास सांगितले आणि विचारले, "निजलेल्या गाईला गाय म्हणावे की नाही, सांग पाहू."